सातव्या धड्यातलं गॉटिंगन

माझ्या आईनं पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं जर्मन शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत तिनं जर्मनी पाहिली नाही. यात आम्हाला कुणालाच काही विशेष वाटत नसे. भूगोलाच्या बाईंनी तरी कुठे ॲमेझॉनचं जंगल पाहिलं होतं? अकरावी-बारावीची मुलं मार्क पडतात म्हणून जर्मन घ्यायची आणि बोर्डाचा पेपर झाला की विसरायची. त्यातली काही पुढे इंजिनिअर होऊन खरोखरच स्टुटगार्टला नाहीतर म्युनिकला जायची. तिथून ती आईला आधी पत्रं पाठवायची, मग ईमेल, मग फोटो. आई चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळ धरून बघायची आणि म्हणायची, "छान."

रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या घरी जादा वर्ग असे. बैठकीत सतरंजी पसरायची, टीपॉय बाल्कनीत जायचा, आणि चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचायचा. मी आत बसून पोहे खाता खाता सगळं ऐकायची. मी स्वतः मात्र जर्मन घेतलं नाही. संस्कृतला पैकीच्या पैकी मार्क पडतात असं मी सगळ्यांना सांगितलं, पण खरं कारण वेगळं होतं. मला आईच्या वर्गात बाकावर बसून तिला 'मॅडम' म्हणायचं नव्हतं. आईनं आग्रह केला नाही. तशी ती कशाचाच आग्रह करत नसे, आणि मी मुळातच हट्टी, त्यामुळे आमच्या घरात वाद फार होत नसत.

तरीही एक धडा मला पाठ झाला होता. पुस्तकातला सातवा धडा गॉटिंगनचा होता. हॅनोवरचं एक कुटुंब, आई, बाबा आणि दोन मुलं, शनिवार-रविवार जोडून जवळच्याच या जुन्या विद्यापीठाच्या गावाला जातं. एवढीच गोष्ट. त्यात परदेश नाही, समुद्र नाही. आपण पुण्याहून वाईला जाऊन यावं तशी सहल. धड्यासोबत गावाचा एक साधा रेघांचा नकाशा होता. स्टेशन, लहानसा कालवा, टपाल कचेरी, बाजारचौक, जुनं नगरभवन. धड्यातले बाबा सारखे कुणाला तरी रस्ता विचारायचे आणि तो माणूस सांगायचा, सरळ जा, मग डावीकडे. चौकातल्या कारंज्यावर हंस घेऊन उभी असलेली एक मुलगी होती, ब्रॉन्झची. विद्यापीठात डॉक्टरेट मिळाली की नवा डॉक्टर कारंज्यावर चढतो आणि त्या मुलीचं चुंबन घेतो, अशी तिथली रीत. त्या ओळीचं भाषांतर आई 'मुलीला अभिवादन करतो' असं करायची. मागच्या रांगेतली मुलं खरा अर्थ आधीच कोशात बघून आलेली असायची, पण आईपुढे कुणी तोंड उघडत नसे.

दर वर्षी ऑगस्टात हा धडा यायचा, आणि दर वर्षी आई तो शिकवताना उभी राहायची. बाकीचे धडे ती खुर्चीत बसून घेई. याला मात्र ती सतरंजीच्या कडेनं चालायची, हात डावीकडे-उजवीकडे करायची. सोपा धडा आहे, म्हणून तिला आवडतो, असं मी समजून चालले होते.

मी आणि माझा नवरा गेली चौदा वर्षं आयर्लंडमध्ये आहोत. तो पोर्टलीशच्या इस्पितळात डॉक्टर आहे आणि मी घरी बसून एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. आमची एकुलती एक मुलगी इथेच जन्मली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते, आणि तेही इथल्या हेलात. आई गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. पहिले काही दिवस आजी-नातीची फार पंचाईत झाली. आजीनं मायेनं काही विचारावं, नातीनं भराभरा उत्तर द्यावं, आणि आजीनं माझ्याकडे बघावं. लोकांसमोर वर्षानुवर्षं इंग्रजी बोललेली माझी आई स्वतःच्या नातीच्या इंग्रजीपुढे हात टेकायची.

मग एका संध्याकाळी लेकीनं जर्मनचा गृहपाठ काढला. इथल्या शाळांत तो विषय घेता येतो आणि तिनं तो घेतला होता, हे मी आईला सांगायलाच विसरले होते. आईनं पोळ्या लाटता लाटता तिची एक चूक दुरुस्त केली. लेकीनं मान वर केली आणि चाचरत जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. आईनं लाटणं खाली ठेवून अगदी सावकाश, लहान लहान वाक्यांत उत्तर दिलं. पंधरा दिवसांत त्या दोघी भांडी पुसताना, शाळेच्या बसपर्यंत चालताना, टीव्ही बघताना जर्मनमध्ये बोलायला लागल्या. आजीला मुळात पुस्तकी बोलायची सवय आणि नातीला पुस्तकापलीकडचं येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं चांगलं जमलं. मी मध्ये उभी राहून "काय म्हणतेय ती?" असं दोघींनाही विचारायची. माझ्याच स्वयंपाकघरात मीच परकी झाले होते, आणि मला ते आवडतही होतं, खुपतही होतं.

गॉटिंगनला जायचं माझ्या मनात आलं ते तेव्हा. ऑक्टोबरच्या शेवटी शाळेला आठवड्याची सुट्टी असते. डब्लिनहून फ्रँकफर्टला विमानानं दोन तास, पुढे आगगाडीनं दोन तासांच्या आत. चार दिवसांची सहल होती, तिघींचीच. मी कुणाला न विचारता तिकिटं काढली आणि रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं. आई उठली, दोरीवरचे कपडे आत आणले आणि सगळ्या घड्या घालून झाल्यावर मला म्हणाली, "खरंच?"

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं की तिला व्हिसा वगैरे लागेल का. मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हटलं, "अगं, युरोपातल्या युरोपात कसला व्हिसा?" तिनं पुन्हा विचारलं नाही.

इथे माझा मूर्खपणा नीट सांगितला पाहिजे. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण जर्मनी-फ्रान्सच्या सामाईक व्हिसात आयर्लंड नाही. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असतं. बारा वर्षं मलाही होतं. ऑफिसच्या कामाला दोन दिवस म्युनिकला जायचं तरी मी बँकेचे कागद, पगाराचे कागद, फोटो, विम्याचा दाखला अशी फाइल घेऊन डब्लिनला खेटे घालायची आणि कुरकुरायची. दोन वर्षांपूर्वी आम्हाला इथलं नागरिकत्व मिळालं, लाल पासपोर्ट आला, आणि ती फाइल मी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, टाकून दिली. बारा वर्षांची सवय दोन वर्षांत पुसली गेली. माझ्या आईचा पासपोर्ट अजून निळा आहे, एवढी साधी गोष्ट मी विसरले. भारतातून आलेला माणूसच ही चूक करू शकतो, आणि तोही ज्याची व्हिसाच्या रांगेतून नुकतीच सुटका झालीय असा.

विमानतळावर आमचे कागद बघणारी बाई आईच्या वयाची होती. आमचे दोन पासपोर्ट तिनं लगेच परत दिले. आईचा ती चाळत राहिली, पुढून मागे आणि मागून पुढे. मग तिनं विचारलं, जर्मनीचा व्हिसा कुठे आहे? मी आयरिश व्हिसा दाखवला. ती म्हणाली, हा इथला आहे, लव्ह. आणि तोही एकदाच आत येण्याचा. या बाहेर गेल्या तर त्यांना परतही येता येणार नाही. "यू टू आर ग्रँड," तुम्हा दोघींचं ठीक आहे अशा अर्थानं ती अगदी हळू म्हणाली, "बट आय कान्ट लेट युअर मॅम ऑन." मॅम म्हणजे इथे आई.

मी वाद घातला. आधी त्या बाईशी, मग फोनवर नियम शोधून पुन्हा तिच्याशी, मग आम्हाला सोडून परत निघालेल्या नवऱ्याशी, ज्याचा यात काडीचाही दोष नव्हता. माझा आवाज चढला होता आणि मागची रांग आमच्याकडे बघत होती. आईनं माझ्या दंडावर हात ठेवला. "तिच्याशी भांडू नकोस," ती म्हणाली. "तिचं बरोबर आहे."

मी म्हटलं, आपण तिघीही घरी जाऊ. आईनं ऐकून घेतलं आणि मग रविवारच्या वर्गातल्या आवाजात बोलली. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "तू हिला घेऊन जा. मी हिला अर्धा धडा शिकवलाय, उरलेला तिनं तिथे बघावा." लेक रडवेली झाली होती. आईनं आपल्या पिशवीतला दशम्यांचा डबा काढून तिच्या सॅकमध्ये घातला, तिच्याशी जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलली, आणि नवरा परत येईपर्यंत एका बाकावर ताठ बसून राहिली. नवा स्वेटर घातला होता तिनं. तिला तिथे बसवून सुरक्षा तपासणीच्या रांगेत जाताना मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी मागे वळून हातही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॉटिंगनच्या हॉटेलात आम्ही आवरत असतानाच आईचा फोन आला. नवऱ्यानं तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅबलेट लावून दिला होता. समोर चहा आणि एका जाहिरातीच्या कागदामागे तिनं काढलेला नकाशा. आम्ही चौकापासून जवळ आहोत, तिथूनच सुरू करतो, असं मी म्हटलं. आईला ते चालेना. धडा स्टेशनापासून सुरू होतो, म्हणून आम्ही उलट दिशेनं चालत स्टेशनावर गेलो. फोनमधला नकाशा उघडायचा नाही, हीदेखील तिचीच अट.

"बाहेर या," ती म्हणाली. "समोर सायकली असतील."

धड्यातल्या चित्रात तीन सायकली होत्या. इथे हजारो होत्या, एकमेकींत हँडलं अडकवून दाटीवाटीनं उभ्या. मी फोन फिरवून दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, रस्ता ओलांडा आणि सरळ चला, एक कालवा लागेल, इतका लहान की पूल आहे हे कळणारही नाही. तसंच होतं. पाणी खालून गुपचूप चाललं होतं आणि वर झाडांची पिवळी पानं पडत होती. मला त्या गावाबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि तरी पुढचं वळण कुठे येणार ते मला कळत होतं. कोथरूडच्या बैठकीत सतरंजीच्या कडेनं आई जशी वळायची, तशीच मी त्या फरसबंद रस्त्यांवर वळत होते.

टपाल कचेरी सापडली नाही. तिथे साबण-शॅम्पूचं दुकान होतं. मी तसं सांगितल्यावर आईनं आपल्या कागदावर त्या जागी फुली मारली. "बरं," आई म्हणाली. "पुढे चला."

घरांवर पांढऱ्या दगडी पाट्या होत्या. अमुक गणिती इथे अमुक साली राहिला, तमुक विद्वान तमुक साली. आईला प्रत्येक पाटी वाचून हवी होती. लेक मोठ्यानं वाचायची आणि आई तिथून उच्चार सुधारायची. येणारे-जाणारे बघायचे. एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि इंग्रजीत म्हणाले, मदत हवी का? लेकीनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, की नको, आमची आजी रस्ता सांगते आहे. त्यांनी फोनमध्ये डोकावून हॅट काढली. आईनं त्यांना जे काही सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावून काहीतरी उत्तर दिलं आणि आई लाजली. तिला लाजताना बघून मला हसू आलं.

चौकात पोचलो तेव्हा आमचं नशीब जोरावर होतं. पुठ्ठ्याची मोठी टोपी घातलेल्या एका तरुण मुलीला तिचे मित्र हातगाडीत बसवून ओढत आणत होते. गाडीला फुगे आणि कागदाच्या पताका होत्या. ती नुकतीच डॉक्टर झाली होती. हातात फुलं घेऊन ती कारंज्यावर चढली, एकदा पाय घसरला, सगळे ओरडले, आणि तिनं त्या हंस घेतलेल्या ब्रॉन्झच्या मुलीच्या गालावर चांगलं आवाज होईल असं चुंबन घेतलं. मी फोन डोक्याच्या वर धरून उभी होते. खाली घेतला तर आई तोंडाला पदर लावून हसत होती.

"तो शब्द मी एकतीस वर्षं चुकीचा शिकवला," ती म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं. मी फोन लेकीकडे दिला, आजीशी गप्पा मार म्हटलं, आणि समोरच्या दुकानात कॉफी आणायला गेले. रांग मोठी होती. काचेतून मला लेक दिसत होती, कारंज्याच्या कठड्यावर बसलेली. आधी ती बोलत होती, मग नुसतीच ऐकत होती. मधूनच एखादा शब्द विचारत होती. बारा-तेरा वर्षांची मुलं ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा एकदम लहान होतो. मी दोन कप घेऊन परत आले तेव्हा फोन बंद झाला होता. आजीला कुकर लावायचा होता, लेक म्हणाली.

मग ती कपाचं झाकण काढत सहज म्हणाली, "मॅम, डिड यू नो आजी वॉज सपोज्ड टू कम हिअर?"

मी म्हटलं, अगं, कालच तर येणार होती. ती म्हणाली, काल नाही, खूप पूर्वी, तरुण असताना. आणि आजीनं तिला जे लहान लहान वाक्यांत सांगितलं होतं, ते तिनं मला तशाच लहान लहान वाक्यांत सांगितलं. आजीला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. शिक्षकांसाठी इथे दोन महिन्यांचं प्रशिक्षण होतं. खूप जणांनी अर्ज केले. आजीची निवड झाली. तिनं पासपोर्ट काढला. एक कोट शिवला. पण घरी लहान बाळ होतं. बाळाला आईशिवाय राहायची सवय व्हावी म्हणून त्याला नातेवाइकांकडे ठेवून पाहिलं. बाळ जेवेना. बाळाला ताप आला. म्हणून आजीनं पत्र लिहिलं, की मी येऊ शकत नाही.

लेक कॉफीचा घोट घेता घेता थांबली. "वेट," ती म्हणाली. "दॅट वॉज यू."

साताऱ्याच्या मावशीकडे मी तीन वर्षांची असताना चार दिवस अन्नाला शिवले नव्हते, हा किस्सा मला माहीत होता. लग्नकार्यात, सणावारी, माझ्या हट्टीपणाचा दाखला म्हणून तो कितीदा सांगितला गेला होता आणि मीही त्यावर खो-खो हसले होते. मला एकटीला तिथे कशासाठी ठेवलं होतं, हे कुणी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आई त्या किश्शावर सगळ्यांबरोबर हसायची.

दुपारी लेक हॉटेलात झोपली आणि मी गावाच्या जुन्या तटावरून एकटीच चालायला गेले. तट म्हणजे आता नुसती मातीची उंच वाट राहिली आहे, दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं आणि खाली लोकांच्या परसबागा. मला आई आठवत होती, पस्तिशीतली, चाळिशीतली. सकाळी सातची बस पकडायला पदर खोचून धावणारी. पोळ्या लाटताना स्वतःशीच पुटपुटणारी: सरळ जा, मग डावीकडे. मला वाटायचं ती दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करतेय. एकतीस वेळा तिनं मुलांना या गावातून फिरवून आणलं होतं. त्यांपैकी कितीतरी वेळा मी आतल्या खोलीत पोहे खात होते. आणि आता मोठी झाले, शहाणी झाले, दोन पासपोर्ट बघून झाले, तरी तिला इथे आणायची वेळ आली तेव्हा पुन्हा मीच आडवी आले. मी तटावरच्या एका बाकावर बसून रडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

पोर्टलीशला परत आल्यावर पहिले दोन दिवस मी धुणं-आवरणं करत राहिले. तिसऱ्या दिवशी आई फरसबी चिरत होती आणि घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? काय सांगितलं नाही, असं तिनं विचारलं नाही. कुणी अडवलं नव्हतं, ती म्हणाली. बाबा तर म्हणाले होते, जा, मी बघतो. तिचं तिलाच जमलं नाही. नंतर पुन्हा निवड झाली नाही, आणि तो पहिला पासपोर्ट कोराच संपला.

"आणि तिला सांगितलंस?" मी म्हटलं. माझ्या आवाजात रुसवा होता, तो मला लपवता आला नाही.

"तुला मराठीत सांगितलं असतं तर तू माफी मागत बसली असतीस," ती म्हणाली. "तिला सांगताना ती नुसती एका बाईची गोष्ट होती." आणि तिनं मला शेंगांच्या दोऱ्या काढायला बसवलं.

मी माफी मागितलीच. तिनं ती ऐकून घेतली आणि कुकरची शिटी मोजली. मग मी मोठमोठे बेत केले. पुढच्या वर्षी भारतातूनच जर्मनीचा व्हिसा काढायचा, सगळे कागद मी तयार करीन, हॉटेल मी बघीन, आपण तिघी जाऊ. आई हं हं म्हणत राहिली. नोव्हेंबरात ती पुण्याला परत गेली. हिवाळाभर मी दर रविवारी फोनवर विचारायची, की अर्ज केलास का, फॉर्म पाठवू का. ती म्हणायची, बघू.

मार्चमध्ये एका रविवारी तिनं आपणहून फोन केला. व्हिसा आला होता. अर्ज तिनं स्वतः भरला होता आणि बोटांचे ठसे द्यायलाही एकटीच जाऊन आली होती. मेमधलं तिकीट काढलं होतं, पुण्याहून मुंबईमार्गे फ्रँकफर्ट, दहा दिवसांसाठी, आणि गॉटिंगनमध्ये एका बाईंच्या घरी खोली घेतली होती, जर्मनमध्ये पत्रव्यवहार करून. ऐकता ऐकता मी कॅलेंडर उघडलं होतं. मी म्हटलं, मी फ्रँकफर्टला येते, दोनच तासांचं तर विमान आहे, तुला एकटीला आगगाडी बदलायला नको, सामान असेल, गुडघा दुखतो तुझा.

"तू येऊ नकोस," आई म्हणाली.

मला वाटलं, ती माझा खर्च, माझी रजा वाचवतेय. मी समजावायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं. असं ती एरवी कधी करत नाही.

"अगं, तू असलीस की मी आई असते," ती म्हणाली. "तू जेवलीस का, तुला थंडी वाजते का, हेच बघते. मला तिथे दहा दिवस नुसतं जायचंय."

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आणि ते खरं होतं हेही मला त्याच क्षणी कळलं, कारण ती बोलत असतानाही मी तिच्या गुडघ्याचा पट्टा, तिच्या गोळ्या, तिची शाल यांची यादी करत होते, आणि ती ते ओळखून माझं संपायची वाट बघत होती. मी कॅलेंडर बंद केलं.

"बरं," मी म्हटलं. "जा."